एका दिवसाचा जावई

"सोडा हो, मी घेते!"

"नाही मॅडम, मी घेतो."

"अहो, जड नाहीये. दोनच लुगडी आहेत आत."

"मॅडम, सगळे बघतायत," दरवान दातओठ खात पुटपुटला. "सोड की पोरी!"

क्लॅरेन्डन हॉटेलच्या संगमरवरी पायऱ्यांवर, भर सकाळी, जरीच्या फेट्यातला तो धिप्पाड दरवान एका बंदाला आणि मी दुसऱ्या बंदाला, अशी आमची कापडी पिशवीची रस्सीखेच चालली होती. शेवटी बंदानेच निकाल लावला. तो तुटला, पिशवी दरवानाकडे गेली आणि मी दोन पायऱ्या खाली. टॅक्सीवाला पैसे घ्यायचे विसरून हसत बसला होता. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या दिवसाची ही सुरुवात.

गोष्ट साठीच्या दशकाच्या अखेरची. मी महाडची, मृणालिनी टिपणीस, गिरगावात मावशीकडे राहून बी.ए. झालेली. आणि क्लॅरेन्डन म्हणजे काय ते आता मुंबईकरांना सांगायची गरज नाही. लहानपणी सुट्टीत आले की चौपाटीच्या वाळूत बसून मी समुद्राकडे पाठ करायची आणि किनाऱ्याच्या टोकाला उभ्या असलेल्या त्या घुमटाकडे बघत राहायची. संध्याकाळी दिवे लागले की घुमट पेटल्यासारखा दिसायचा. "तिथे कोण राहतं?" मी विचारायची. "आपण नाही," अण्णा म्हणायचे, आणि भेळ संपवायला सांगायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. महाडच्या शाळेत कवायत शिकवायचे. त्यांच्या एका शिट्टीसरशी तीनशे पोरं दगडासारखी उभी राहायची. घरात तर शिट्टीचीही गरज नव्हती. क्लॅरेन्डनने रिसेप्शनवर पहिल्यांदाच एका मुलीला घ्यायचं ठरवलंय, मी अर्ज केलाय आणि मला बोलावणं आलंय हे कळल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "एक संधी. मिळाली तर विचार करू. नाही मिळाली तर मी स्वतः येऊन तुला घरी नेणार. त्यानंतर हॉटेलचं नाव काढायचं नाही." 'विचार करू'चा अर्थ 'नाही' असतो हे मला ठाऊक होतं. पण निदान विचारापर्यंत तरी मला पोचायचं होतं. त्या घुमटाखाली उभं राहून आल्यागेल्याला "या" म्हणायचं, एवढं एकच मला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की रात्र रात्र झोप लागत नसे.

आता परीक्षा. क्लॅरेन्डनची परीक्षा जगावेगळी होती. नोकरीला येणाऱ्या प्रत्येकाने आधी एक दिवस तिथे पाहुणा म्हणून राहायचं. समुद्राकडची खोली, जेवण, चहा, सलाम, सगळं खऱ्या पाहुण्यासारखं. नोकरांमध्ये त्याला 'जावयाचा दिवस' म्हणत. आणि जावयासारखीच एक अट होती: रुसायचं. सूर्य मावळायच्या आत मॅनेजरकडे जाऊन एक तक्रार करायची. खरी, खोटी नाही. ती पटली तर तुम्ही पास, आणि मग हॉटेलने ती सूर्यास्ताच्या आत दूर करायची. हॉटेल बांधणारे होर्मसजी शेठ तरुणपणी हातगाडीवर बर्फ विकायचे. ते म्हणायचे म्हणे, तक्रार बर्फासारखी असते, सकाळपर्यंत ठेवली तर हाती नुसतं पाणी राहतं. ज्याला पाहुण्याचं खुपलेलं कळत नाही त्याने दुकान टाकावं, हॉटेलात येऊ नये.

माझ्याआधी दोघीजणी येऊन गेल्या होत्या. एकीने सूप थंड असल्याची तक्रार केली. ते सूप थंडच प्यायचं होतं. दुसरी म्हणाली, सगळं छान आहे. दोघी परत गेल्या. आता मी.

तक्रार काय, चुटकीसरशी सापडेल, असं मला वाटलं होतं.

खोलीत गेले आणि पहिला तास नुसती हरखून फिरत राहिले. खिडकीभर समुद्र. पितळेचे नळ, आणि उजवा फिरवला की खरोखरच गरम पाणी! पलंगावर लोळून बघणं हा कामाचाच भाग होता, तेव्हा लोळून घेतलं. मग उठले, चादर ताणली, कोपरे दुमडून आत खोचले, उशा झटकून उभ्या केल्या. चहा आला तो प्याले आणि कपबशी विसळून पालथी घातली. न्हाणीघरात दोन थेंब सांडले होते ते पुसले, टॉवेलाची घडी घातली. हे सगळं मी करतेय हेसुद्धा मला कळलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस हेच करतं ना?

दारावर टकटक झाली. पांढऱ्या कोटातला एक उंच, टक्कल पडलेला माणूस फळांची थाळी घेऊन आत आला. छातीवर नाव होतं, घाडीगावकर. त्याने पलंग पाहिला, मग पालथी कपबशी पाहिली, मग न्हाणीघरात डोकावला, आणि थाळी टेबलावर ठेवून कमरेवर हात घेतले.

"मॅडम," तो म्हणाला, "ह्या काय केलास?"

"काय झालं?"

"काय झाला म्हणान इचारतास? खाट तुमी केलास, कप तुमी धुतलास. मगे माका हय कित्याक ठेवल्यानी? शोभेक?"

"अहो, तसं नाही. आमच्या महाडची सवयच आहे."

"ती सवय महाडाक ठेवा. आज तुमी जावई. जावई कदी भांडी घासता?" दार नीट लावून घेऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "तक्रार गावली?"

"अजून नाही."

"गावची नाय," तो अभिमानाने म्हणाला, आणि मग माझा चेहरा पाहून वरमला. "म्हंजे, बगा. सोदलास तर गावात."

जेवणाच्या दालनात तरी काहीतरी सापडेल म्हणून मी कंबर कसून गेले. समोर मासा आला. पांढऱ्या सॉसात निजलेला, ना हळद, ना तिखट, ना कोकम. आम्ही मासे खाणारी माणसं. त्या माशाची मला दया आली. पण पानात टाकायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत, हे आईने हाडीमासी भिनवलेलं. मी शेवटचा घास संपवला तेव्हा स्ट्युअर्ड वाकून म्हणाला, "सगळं मनासारखं होतं ना, मॅडम?"

तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, "फारच छान. उगाच एवढं केलंत!"

स्ट्युअर्ड गोंधळून बघत राहिला. त्या दालनात आजवर कुणी त्याला 'उगाच एवढं केलंत' म्हटलं नसणार.

दुपार झाली. मी हॉटेलभर फिरले. कुठे कोळिष्टक नाही, कुठे पोपडा नाही. गालिचा उचलून पाहिला, खाली चकचकीत फरशी. माझा धीर सुटत चालला. घाडीगावकराला माझी कीव आली असावी, कारण तो चार पावलं मागून चालत मला एकेक गोष्ट सांगायला लागला. या जिन्यावरून एका संस्थानिकाच्या राणीचा मोत्यांचा सर तुटला आणि अख्खं हॉटेल गुडघ्यांवर मोती शोधत होतं. तळघरात शेठचा बर्फाचा कारखाना होता. भर मे महिन्यात पाहुण्याच्या उशाशी बर्फाची परात आणि वर पंखा. लढाईत इथे जखमी गोरे सोल्जर ठेवले होते, आणि त्यातला एक बरा झाला तरी जाईना, पलंगाखाली लपून बसला. मी तक्रार-बिक्रार विसरून गेले. "मग? मग काय झालं?" म्हणत मी त्याच्या मागे, की तो माझ्या मागे, कोण जाणे.

असं फिरता फिरता आम्ही पश्चिमेच्या टोकाला आलो. तिथे एक दार होतं. दार कसलं, दोन पुरुष उंचीचं शिसवी धूड. त्यावर पितळी मुठी, आणि मुठींना साखळी घालून भलंमोठं कुलूप.

"इथे काय आहे?"

घाडीगावकराने दाराकडे पाठ फिरवली. "बंद आसा," तो म्हणाला.

"ते दिसतंय. पण आत काय आहे?"

"नाचाचो हॉल." त्याचा आवाज बदलला. "मी नवीन लागलेलो तेवा चालू होतो. काय सांगू तुमका! झुंबरा खाली घेवक आमी धा जण लागू. बँड वाजाक लागलो काय रस्त्यार लोक उबे रवत. मगे दारूबंदी इली, नाच बंद झाले, आनी ह्या कुलूप लागला. आता तर..." तो थांबला.

"आता तर काय?"

"काय नाय. चला, चाय घेवा."

मी कुलपाशेजारच्या फटीला डोळा लावला. आत काळोख होता, आणि त्या काळोखात खूप वर, कशाचा तरी एक कण चमकत होता. मी तिथून हलेचना. शेवटी घाडीगावकर खाकरला, "मॅडम, दिवस कलतासा."

मॅनेजरसाहेबांच्या खोलीत शिरताना लॉबीत नजर गेली आणि पाऊल अडलं. अण्णा आले होते. मखमली सोफ्याच्या अगदी कडेवर, पाठ टेकू न देता, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते. शेजारी माझी ट्रंक. मावशीकडून बांधूनच आणली होती. निकालाबद्दल त्यांना शंका नव्हती.

मॅनेजर वाच्छासाहेब पारशी, बुटके, गुबगुबीत, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी मला खुर्ची दिली. खिडकीतून सूर्य दिसत होता, पाण्यापासून हातभर वर.

"बोला मिस टिपणीस. काय त्रास झाला तुम्हाला आमच्याकडे?"

"काही नाही."

"खोली?"

"सुरेख आहे."

"जेवण?"

मला मासा आठवला. तोंड उघडलं. मिटलं. "छान होतं."

वाच्छासाहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. "डिकरी, तू चांगल्या घरची मुलगी आहेस. पण इथे अशी माणसं लागतात ज्यांना खुपतं. ज्याला काहीच खुपत नाही तो दुसऱ्याचं खुपणं काय ओळखणार? आय ॲम सॉरी." ते उठले. हात पुढे केला.

संपलं. मी पण उठले. दाराबाहेर अण्णा, ट्रंक, महाड. आणि कसं कोण जाणे, रडू येण्याऐवजी मला राग आला. असा राग की कानशिलं तापली. मी दारापर्यंत गेले आणि वळले.

"तुम्ही घर दाखवलं नाहीत!"

"काय?"

"आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला घर दाखवतात. सगळं. देवघर, माडी, मागची विहीर, अगदी अडगळीची खोलीसुद्धा. गरिबाघरी गेलं तरी दाखवतात. एकच खोली असली तरी 'ही आमची खोली' म्हणून दाखवतात. तुम्ही गरम पाणी दिलंत, फळं दिलीत, सलाम ठोकलेत, आणि घरातली सगळ्यात मोठी खोली कुलूप लावून ठेवलीत. मी फटीतून बघितलं, चोरासारखं. पाहुण्याला फटीतून बघायला लावता? मला तो हॉल बघायचाय. ही माझी तक्रार आहे."

वाच्छासाहेब खाली बसले. बराच वेळ मिशी कुरवाळत राहिले. मला वाटलं, आता घंटा वाजवून मला बाहेर काढणार.

"तुला माहीत आहे, ती खोली का बंद आहे?" ते हळूच म्हणाले. "मालकांची सक्त ऑर्डर आहे. उघडायची नाही. पुढच्या महिन्यात तिथे तोडफोड सुरू. मधे स्लॅब टाकून दोन मजले खोल्या काढणार. मी विनवण्या केल्या. म्हणाले, वाच्छा, नाच कोण करतो आता? उघडलीस तर नोकरी गेली समज."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. राग कुठल्या कुठे पळाला. "मग राहू दे."

"राहू दे?" वाच्छासाहेब ताडकन उठले. त्यांचे डोळे लकाकत होते. "अरे, राहू दे काय! पाहुण्याने तक्रार केली. खरी तक्रार! होर्मसजी शेठचा कायदा काय सांगतो? सूर्यास्ताच्या आत! मालक मोठे की कायदा मोठा? इतकी वर्षं मी वाट बघतो की कोणी तरी मागेल, आणि सगळे साले सूपच मागतात!" त्यांनी खण ओढला, वीतभर लांब किल्ली काढली, आणि खोलीबाहेर धावले. "घाडी! अरे घाडी! माणसं बोलाव!"

पुढची काही मिनिटं आठवली की आजही अंगावर काटा येतो. घाडीगावकर ओरडत जिना उतरला. स्वयंपाकघरातून टोप्या घातलेले आचारी आले, धोबीखान्यातून बाप्ये आले, लिफ्टमन लिफ्ट सोडून आला. फेटेवाला दरवान दार वाऱ्यावर टाकून आला. कसला गोंधळ म्हणून पाहुणेही खोल्यांतून निघाले, कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या तोंडाला साबण. किल्ली फिरेना. आचाऱ्याने बाटली आणून कुलपात सॅलडचं उंची तेल ओतलं. बाहेर सूर्य पाण्याला टेकला होता. "लवकर! लवकर!" वाच्छासाहेब जागच्या जागी नाचत होते. साखळी खळ्ळकन पडली. दहा-बारा जणांनी खांदा लावला.

दार उघडलं. आत काळोख, आणि कोंदट कापुराचा वास. घाडीगावकर भिंतीच्या कडेकडेने धावत गेला आणि एकेक करून पश्चिमेच्या खिडक्या ढकलायला लागला. पहिली उघडली. दुसरी उघडली. आणि मावळता उजेड समुद्रावरून सरळ आत घुसला.

मी नुसती "आई गं!" म्हणाले. भिंतभर आरसे, आणि प्रत्येक आरशात एकेक सूर्य. वर मलमलीच्या गवसण्यांत झाकलेली झुंबरं. एकाची गवसणी फाटून घसरली होती, त्याचे लोलक पेटल्यासारखे झगमगत होते. खाली लांबच लांब सागवानी जमीन, मधासारख्या रंगाची. पन्नासेक माणसं उंबऱ्यात दाटून उभी, पण एकाचीही आत पाऊल टाकायची छाती होईना. माझ्या शेजारी वाच्छासाहेब उघडउघड रडत होते आणि हसतही होते.

त्या हॉलचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. त्या गर्दीत साबण लावलेल्या तोंडाने एक कलकत्त्याचे व्यापारी उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे वाच्छासाहेबांचा दंड धरून मुलीच्या लग्नासाठी हॉल मागितला. त्यांचं बघून आणखी दोघांनी मागितला. मालकांनी वाच्छासाहेबांची यथेच्छ हजामत केली, पण स्लॅब काही टाकला नाही.

पण ते नंतरचं. त्या क्षणी सगळे उंबऱ्यात खिळलेले, आणि मागून ओळखीचा करडा आवाज आला, "जरा वाट द्या. काय झालंय? माझी मुलगी कुठे आहे?"

अण्णा. गर्दी बाजूला सारत ते पुढे आले. हॉलकडे त्यांची नजर गेली आणि ते थांबले. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सावकाश पाहून घेतलं. मग वाकून पायातल्या वहाणा काढल्या, उंबऱ्याबाहेर शेजारी शेजारी नीट लावल्या, आणि एकटेच आत गेले.

कुणी अडवलं नाही. हॉलच्या मधोमध जाऊन ते थबकले. टाचेने जमीन दाबून पाहिली. पुन्हा दाबली. मग माझ्या वडिलांनी, ज्यांना मी साधं मोठ्याने हसतानाही पाहिलं नव्हतं त्यांनी, धोतराचा सोगा खोचला, गुडघे वाकवले आणि उडी मारली.

"मृणाल!" ते ओरडले. "अगं, जमीन उचलतेय मला!"

"खाली स्प्रिंगा आहेत, साहेब!" वाच्छासाहेब धावत आत गेले. "विलायतेहून आणलेल्या! पहाटेपर्यंत नाचलं तरी गुडघा दुखायचा नाही!"

"बूट!" अण्णा गरजले. वाच्छासाहेब जागच्या जागी बूट काढून उभे राहिले. त्यांच्या मोज्याला भोक होतं. "आता मारा उडी. अशी नाही, गुडघ्यातून. एक, दोन, हां!"

आणि मग कोण कुणाला आवरणार! उंबऱ्याबाहेर चपला-बुटांचा ढीग पडला. आचारी उड्या मारत होते, धोबी मारत होते, कलकत्त्याचे व्यापारी साबणासकट मारत होते. घाडीगावकर "बगलास? मी सांगलंय काय नाय?" असं ज्याला त्याला विचारत गिरक्या घेत होता. मी अण्णांचा हात धरला. आम्ही दोघं एकदम उडालो. त्यांचा हात घामाने ओला होता आणि ते हसत होते.

उजेड विझत आला तेव्हा अण्णा दमून थांबले. धाप लागलेली. त्यांनी सोगा सोडला, टोपी सारखी केली, आणि एकदम पुन्हा ड्रिल मास्तर होऊन वाच्छासाहेबांसमोर उभे राहिले. मला लॉबीतली ट्रंक आठवली.

"साहेब, एक विनंती आहे."

"बोला."

"पुढच्या आठवड्यात हिच्या आईला घेऊन येतो. तिला हे सगळं नीट दाखवायला हिला तासभर सुट्टी मिळेल का?"

वाच्छासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुट्टी कशाला?" ते म्हणाले. "तिचं कामच आहे ते."